आमच्या समईचं वय

हे आत्ताच्या आत्ता सांगायलाच हवं, पोटात राहतच नाहीये! काल ताई मस्कतला निघाली. तिकडच्या पहिल्या गणपतीसाठी बॅगेत घरची पितळी समई होती. ती विमानतळाच्या आत, आम्ही बाहेर, आणि स्पीकरवर तिचा रडवेला फोन. "बाबा, कस्टमवाल्यांनी समई अडवल्यानी. किती जुनी ता सायबांका सांगा."

दर चतुर्थीला पाहुण्यांना सांगतात तसंच बाबा छाती फुगवून म्हणाले, "माझ्या पणज्याची ती! दोनशे वर्षां झाली!"

पलीकडून कस्टमचे साहेब म्हणाले, "मग नाही नेता येणार. शंभर वर्षांवरची वस्तू देशाबाहेर जात नाही."

बाबांचा चेहरा पांढराफटक. विमानाची वेळ होत आलेली, ताई हुंदके देतेय. आईने फोनच ओढून घेतला. "गो, रडा नको. समई उलटी कर आणि बुडाची काजळी ओढणीन पूस."

मग बुडावर कोरलेलं साहेबच मोठ्याने वाचायला लागले. माझ्या मामाचं नाव, 'यांजकडून सप्रेम भेट' आणि आईबाबांच्या लग्नाची तारीख!

समई सुटली. आई एवढंच म्हणाली, "काय हो, माझ्या भावाक पणजो केलात?"

बाबांनी घरी कुडाळला येईपर्यंत गाडीतल्या गाण्यांचा आवाज मोठा ठेवला. तुमच्या घरच्या 'पणज्याच्या' वस्तूचं वय असं कधी उघडं पडलंय का? सांगा ना!