भात घरात येईपर्यंत

प्रवासाला निघताना कुणी विचारलं की 'तिथं बघण्यासारखं काय आहे?', तर माझं डोकं सटकतं. देवळं आणि धबधबे फोनवर बघा, फुकट आहेत. शाळेतून निवृत्त झाल्यापासून मी आशियातल्या चार-पाच देशांत हिंडले ती लोकांच्या घरात राहायला. लाओसमध्ये बायकांबरोबर नदीवर कपडे आपटले, श्रीलंकेत एका सासूबाईंच्या हाताखाली नारळ खवून खवून खांदा धरला, आणि व्हिएतनाममध्ये समुद्राजवळच्या एका गावात पडवीत बसून कोलंबी सोलली. तिथल्या बाईनं फोनवर भाषांतर करून मला विचारलं, तुमच्याकडेही समुद्र शेतात येतो का? मी ऐटीत 'नाही' म्हणून सांगितलं.

परत आल्यावर हे मी आमच्या शाळेतल्या जुन्या सहकारी बाईंना सांगितलं, तर त्या हसतच सुटल्या. "जन्म रोह्यात काढलात आणि पेणचा खारेपाट माहीत नाही? तिथं खाडी शेतात येते की!" आता माहीत नाही असं कसं म्हणू? हमरापूरला गणपतीची मूर्ती ठरवायला जाताना गाडीच्या खिडकीतून लांबवर हिरवं-करडं काहीतरी दिसायचं, तेवढीच माझी ओळख. म्हणजे मी विमानानं जाऊन परक्यांची कोलंबी सोलून आले आणि घरापासून तासा-दीड तासावरचं गाव मला ठाऊक नाही. माझीच मला चीड आली. त्याच सहकारी बाईंनी ओळखीतल्या एका काकूंचा नंबर दिला.

फोनवर मी भीत भीत विचारलं, आठवडाभर राहिले तर चालेल का? काकू पटकन म्हणाल्या, "या की बाई. कवा येता? कितीपन दिवस राहा." पैशाचं विचारलं तर, "ते ऱ्हाऊ दे, तुम्ही नुसत्या या." कोकणातला माणूस इतक्या लवकर हो म्हणतो, याचं मला नवल वाटलं होतं.

काकूंचं घर गावाच्या टोकाला. मागच्या दारातून त्यांचं शेत सुरू होतं. शेताच्या शेवटी मातीचा बांध, बांधापलीकडे कांदळवन आणि खाडी. कोजागिरी जवळ आली होती, भात पिकून वाकलं होतं. पहिल्याच दिवशी भरतीच्या वेळी मी बांधावर चढले आणि तिथंच उभी राहिले. डाव्या हाताला खाडीचं पाणी माझ्या पावलांच्या जरासंच खाली होतं, आणि उजव्या हाताला भात चांगलं पुरुषभर खोल. मधे काय, तर माती. समुद्र वर आणि शेत खाली, हे माझ्या मनाला काही केल्या पटेना.

घरात काकू आणि त्यांचा मुलगा, दोघंच. सून बाळंतपणाला माहेरी गेलेली. मुलगा तिशीचा, बोलायला गोड. माझी बॅग त्यानंच आत नेली, पंखा माझ्याकडे वळवला, अंघोळीचं पाणी तापवून दिलं. आधी तो रोह्याकडच्या एका कंपनीत कंत्राटावर शिफ्टला जायचा. पावसाळ्यात कंत्राट संपलं ते परत मिळालंच नाही. मी रोह्याची म्हटल्यावर त्यानं स्टेशनाजवळच्या वडेवाल्याची चौकशी केली. मला तो फार आवडला, हे आधीच सांगून टाकते.

सकाळी काकूंबरोबर बांधावर जायचं, हा माझा रोजचा कार्यक्रम ठरला. त्या बांधाच्या आतल्या अंगानं, शेताच्या बाजूनं चालायच्या आणि पायथ्याकडे बघत राहायच्या. खेकडे बांधात बिळं करतात. तिथं पेंढा कोंबायचा, वर चिखल थापायचा, पायानं दाबायचं. कुठं कुठं पाणी पाझरत होतं. मी घाबरले तर म्हणाल्या, "साफ पानी हाय ना? मग काय नाय. बांधाला घाम येतो. गढूळ आलं की समजायचं, बांध आतून चालला." पूर्वी प्रत्येक घराची बांधावर फिरायची पाळी असायची. आता शेजारच्या घरांना कुलपं होती, माणसं पनवेलला नाहीतर कामोठ्याला. त्यांच्या शेतांत खारं पाणी शिरून पांढरी पापडी धरलेली, कांदळाची रोपं उगवलेली. आसपास एवढं एकच शेत पिवळं दिसत होतं.

का, ते मुलानंच मला चहा पिताना सांगितलं. एक माणूस ही सगळी पट्टी मत्स्यतळ्यांसाठी घेत होता. बाकीच्यांनी दिली. काकूंचं शेत नेमकं मधे, आणि त्या सही करायला तयार नव्हत्या. भात पिकतंय तोवर देणार नाही म्हणायच्या. तळं झालं की मुलाला तिथंच देखरेखीचं काम मिळणार होतं, कायमचं. "आता पोर होईल मॅडम, मी काय कंत्राटाची वाट बघत बसू?" तो म्हणाला. त्याचं चूक होतं असं मला अजूनही छातीठोकपणे म्हणता येत नाही. मग बशी खाली ठेवून हसत म्हणाला, "एकदा का खारं पानी शिरलं, तीन-चार वर्षं काय पिकत नाय. मग आईच म्हनेल, घे बाबा, कर तुझं तळं." मीही हसले. चहाच्या वेळचं बोलणं, असंच वाटलं.

कोजागिरीच्या दिवशी सकाळी पाझर गढूळ होता.

काकू थबकल्या. मग गुडघ्यावर बसून त्यांनी हात आत घातला, पार खांद्यापर्यंत. बाहेर काढला आणि नुसत्या बघत राहिल्या. बांधावर चढून पलीकडे उतरल्या, तिथला पेंढ्याचा बोळा बाजूला सारला. खाली हाताएवढं भोक होतं, गोल, सरळ आत गेलेलं. "खेकडा वाकडा जातो बाई," त्या म्हणाल्या. "ही पहार हाय."

पौर्णिमेचं उधाण, म्हणजे वर्षातल्या मोठ्या भरत्यांतली एक, आणि ती दुपारी यायची होती. मी म्हटलं, गावात जाऊन माणसं घेऊन येते. तर माझा हात धरून म्हणाल्या, "कुनाला नको." माझा पारा चढला. मी ओरडलेच त्यांच्यावर, अहो, कुणीतरी तुमचा बांध फोडतंय, पोलिसात जाऊ या! काकू चिखल कालवत होत्या, वर न बघता म्हणाल्या, "पोलिसांना नाव कुनाचं सांगू?"

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. मी ओढणी कमरेला बांधली आणि पेंढा ओढू लागले.

दोन्ही तोंडांनी भोक बुजवलं, वर दगड रचले, माती घातली. मग ऊन डोक्यावर येईपर्यंत आम्ही बांधावर बसून राहिलो. पाणी कांदळाच्या मुळांतून आवाज न करता वर येत होतं. लाटा नाहीत, फेस नाही, काही नाही, नुसतं वर येत होतं. मी इतकी भ्यायले होते की रामरक्षा म्हणायला लागले आणि निम्म्यात विसरले. बुजवलेल्या जागेतून पाणी पाझरायला लागलं तेव्हा काकूंनी ओंजळीत धरून बघितलं. साफ होतं. भरती ओसरेपर्यंत त्या तिथून हलल्या नाहीत.

घरी आलो. परसात कोयते, फावडी, घमेली पडली होती, सगळी चिखलानं माखलेली. पहार तेवढी धुऊनपुसून दाराशी उभी होती. काकूंनी तिच्याकडे बघितलं आणि चुलीकडे गेल्या.

जेवायला बसल्यावर मुलानं विचारलं, "बांधावर वेळ लागला?"

"खेकड्याचं भोक होतं."

"मोठं?"

"बुजवलं," काकू म्हणाल्या आणि माशाची मधली तुकडी त्याच्या ताटात वाढली. त्यानं कालवणाची तारीफ केली. दोघंही एकमेकांना ओळखून होते आणि दोघंही शांतपणे जेवत होते, याचीच मला जास्त भीती वाटली. शाळेत इतकी वर्षं मुलांच्या डोळ्यांतलं खोटं हुडकण्यात घालवली मी. इथं खोटं बोलत कुणीच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी निघणार होते. बॅग भरत असताना काकू आत आल्या, दार लोटून घेतलं. "बाई, आनखी काही दिवस राहा. भात घरात येऊ दे, मग जा." मी विचारलं, मी राहून काय होणार? तर म्हणाल्या, "परकं मानूस घरात असलं की त्याला लाज वाटते. तुम्ही आल्यापासून दिवसाचा बांधाकडे फिरकला नाय. रातचं केलं, ते तुम्ही माजघरात झोपता म्हनून. आजपासून मागच्या पडवीत झोपा, दारापाशी." मग जरा थांबून, "त्यासाठीच तर फोनवर लगेच 'या' म्हनलं मी तुम्हाला."

खरं सांगते, मला आधी रागच आला. मी काय समजत होते स्वतःला! लोकांचं साधं जगणं बघायला आलेली हौशी बाई. आणि या म्हातारीनं मला दाराला अडसर म्हणून बोलावलं होतं. पण तिच्याकडे दुसरं होतं कोण? मी बॅगेतले कपडे परत बाहेर काढले.

मागच्या पडवीत झोपले, म्हणजे पडून राहिले. एकदा पहाटे डोळा उघडला तर तो माझ्या अंथरुणाशी उभा. "डास चावतात का मॅडम? गुडनाइट लावू?" इतक्या मायेनं विचारलं की मी मान हलवली. त्यानं खरंच मशीन आणून लावलं आणि परत आत गेला.

कापणी सुरू झाली. आणि गंमत बघा, सगळ्यात पुढं तोच. सकाळी दव असताना उतरायचा ते ऊन कलेपर्यंत त्याचा विळा थांबायचा नाही. त्याच्यासारखा हात मजुरांपैकी एकाचाही नव्हता. आईला भारा उचलू द्यायचा नाही, तिच्या डोक्यावरचा काढून स्वतःच्या घ्यायचा. मला वाटायला लागलं, निवळलं बहुतेक. शेवटचे भारे खळ्यावर आले त्या संध्याकाळी मी आनंदानं काकूंचे दोन्ही हात धरले. म्हटलं, "वाचलं की हो काकू!"

"यंदाचं वाचलं," काकू म्हणाल्या. "आता दिवाळीत अवसेचं उधान येईल. शेतात काय नाय, म्हनजे त्याचा हात थरथरनार पन नाय. आन तुम्ही तुमच्या घरी असाल."

मी म्हटलं, मग माझ्याबरोबर रोह्याला चला. त्यांनी माझ्यासाठी तांदळाच्या भाकऱ्या बांधायला घेतल्या.

सकाळी मुलगाच मला मोटारसायकलवरून पेणच्या स्टँडवर सोडायला निघाला. गावाबाहेरच्या वळणावरून शेत पूर्ण दिसतं. तिथं त्यानं गाडी थांबवली. कापलेल्या शेतापलीकडे बांधावर काकू बसल्या होत्या, शेजारी पेंढ्याचा भारा. त्यानं हात उंच करून हलवला. त्यांनी हलवला नाही.

"पुढच्या वर्षी परत या मॅडम," तो म्हणाला. बोट त्या शेतावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं. "इथं सगळं तळं असेल. बाळ पन असेल तवा घरात. तळ्यातला जिताडा मासा खायला घालतो तुम्हाला, ताजा, आईच्या हातचा."

मनापासून बोलवत होता. आणि मी, पाहुणेपणाच्या सवयीनं, "येईन हं," म्हणाले.