शिवाजी पेठ शिडाच्या बोटीवर

किस्से जमवायला वेगळं काही करावं लागत नाही. चार माणसं रोज एका कट्ट्यावर बसायला लागली की ते आपोआप साठत जातात, घरात पिशवीत कोंबलेल्या पिशव्या साठतात तसे. अडचण एवढीच, की कट्ट्यावर आलेला किस्सा कोणी आला तसा परत पाठवत नाही. जो तो जाता जाता त्यात चिमूटभर मीठ टाकतो.

आमचा कट्टा कोल्हापूरच्या रंकाळा तलावाच्या काठचा. सकाळी फिरायला म्हणून घरातून निघतो आणि बसून परत येतो. मी सदाशिव, शिवाजी पेठेतला शिंपी, आता दुकान मुलाच्या हाती देऊन मोकळा झालेला. दुसरे कांबळे सर, शाळेत भूगोल शिकवून रिटायर झालेले. तिसरा धोंडीराम, कोडोली सोडून पेठेत लेकाकडे राहायला आलेला, पण मनानं अजून गोठ्यातच असलेला. आणि चौथे सर्जेराव.

सर्जेरावांची ओळख एका वाक्यात होते. तरुणपणी त्यांनी रंकाळा आडवा पोहून पार केला. कोणी पाहिलं? ज्यांनी पाहिलं ते सगळे वारले, असं ते स्वतःच सांगतात. पण पेठेत ही गोष्ट इतकी पक्की बसली आहे, की तालमीच्या पोहण्याच्या स्पर्धेला दरवर्षी बक्षीस द्यायला तेच असतात. फेटा, नारळ, मधली खुर्ची आणि माइकवर दहा मिनिटं रंकाळा. माणूस वर्षभर त्या दिवसावर जगतो.

तर कांबळे सरांची मुलगी उज्ज्वला शिडाच्या बोटीची कॅप्टन आहे. थायलंडात असते. लोकांना आठवडाभर एका मोठ्या उपसागरातून फिरवून आणते. बोटीतच झोपायचं, बोटीतच जेवायचं आणि रोज नव्या बेटाशी नांगर टाकायचा. यंदा तिनं आम्हालाच बोलावलं. सर्जेराव आणि मालूवहिनी, मी आणि माझी सुमन, सर आणि धोंडीराम, असे निघालो. विमानात बसायच्या आधीच सरांनी जाहीर केलं, "आठवडाभर चहूकडनं पाणी हाय. रंकाळ्याचं काय ते आता कळंलच."

सर्जेराव हसले, पण जरा उशिरा.

*

बोटीवर चढताना उज्ज्वलानं पहिलीच गोष्ट सांगितली. चपला काढून टोपलीत ठेवायच्या आणि मग वर यायचं. आम्ही काढल्या. सर्जेरावांची करकर वाजणारी कोल्हापुरीसुद्धा टोपलीत गेली. वर पाय ठेवला तर समोर पितळेची चकचकीत घंटा.

चपला काढलेल्या आणि समोर घंटा! धोंडीरामाच्या हाताला आणखी काय सांगावं लागतं? त्यानं ती मनापासून बडवली, डोळे मिटले आणि हात जोडले.

बंदरात एकमेकींना खेटून बोटी लागलेल्या होत्या. तिथं कोणी घंटा अशी बडवली, की आग लागली असा अर्थ होतो. धोंडीरामानं डोळे उघडले तेव्हा शेजारच्या बोटींवरचे गोरे लोक लाल सिलिंडर घेऊन धावत आमच्या दारात आले होते. उज्ज्वला एकेकाची माफी मागत होती. धोंडीरामाला आग-बीग काही कळलं नाही. आल्या आल्या एवढी माणसं भेटायला आली, हे बघूनच त्याला भरून आलं.

"उज्ज्वला, पावणं उभं हायती. च्या टाक की."

आणि खरंच, सगळे चहा पिऊन गेले.

*

बंदराबाहेर आल्यावर उज्ज्वलानं शीड चढवलं आणि इंजिन बंद केलं. एकदम शांत. तिच्या मते याच क्षणासाठी लोक कुठून कुठून येतात.

"बंद पडली व्हय?" धोंडीरामानं विचारलं.

"नाही काका, आता ती वाऱ्यावर चाललीय."

"लाजू नको पोरी. ढकलायची असली तर सांग."

शांतता आम्हाला फार वेळ सोसत नाही. थोड्या वेळानं सगळे एकदम बोलायला लागले, आणि आमचं बोलणं म्हणजे बांधापलीकडच्या माणसाला हाक मारल्यासारखं. तेवढ्यात समोरून एक मोठी शिडाची बोट आडवी येताना दिसली. उज्ज्वला आपली बोट वळवणार, तोवर धोंडीराम पुढच्या टोकाला जाऊन उभा राहिला आणि दोन्ही हात तोंडाशी धरून ओरडला, "ओ पावणं, जरा बाजूला घ्या की!"

बोट वळली. चांगली लांबून, मुकाट्यानं निघून गेली.

"माणसं चांगली हायती," धोंडीराम म्हणाला. "सांगितलं की ऐकत्यात."

"काका, नियमानं बाजूला आपण व्हायचं होतं," उज्ज्वला म्हणाली.

*

एकदा वाऱ्यानं शीड कडेला उसवलं. उज्ज्वला सुई-दोरा घेऊन माझ्याकडे आली. आयुष्यभर मापं घेतली, पण एवढं मोठं गिऱ्हाईक मला कधी मिळालं नव्हतं. मी चष्मा लावला, उसवण बघितली, बोटांनी कापड चाचपलं.

"काका, कधी होईल?" तिनं विचारलं.

आणि तोंडातून सवयीनं निघून गेलं, "सोमवारी बघा."

सुमन आतून म्हणाली, "आपण रविवारी घरी निघायलोय."

*

मग बुधवार आला. बुधवारी आणि रविवारी मटण, हे आमच्याकडे कोणी ठरवलेलं नाही, ते असतंच. त्या दिवशी गाठलेल्या बेटावर मासळी ढिगानं, पण मटण औषधालाही नाही. धोंडीराम सकाळपासून आजाऱ्यासारखा बसून होता. शेवटी सुमननं घरची चटणी काढली आणि माशाचा तांबडा रस्सा केला. नारळाला तिथं तोटा नाही, म्हणून पांढराही केला. वाऱ्यावर निघालेली बोट एका अंगाला कललेली, त्यामुळे रस्सा वाटीच्या एका कडेला गोळा झालेला. तो सांडायच्या आत प्यायचा, अशी सगळ्यांची घाई.

धोंडीरामानं वाट्यांवर वाट्या संपवल्या. सुमननं विचारलं, कसं झालंय?

"मटण जरा जास्तच शिजलंय वहिनी," तो म्हणाला. "पण बुधवार मोडला न्हाय, हे बरं झालं."

*

रोज दुपारी नांगर टाकला की आम्ही लाइफ जॅकेट घालून पाण्यात उतरायचो. मला पोहता येत नाही, पण जॅकेट घातल्यावर बुडताही येत नाही. सुमनसुद्धा उतरायची. वर दोघंच राहायचे, सर्जेराव आणि मालूवहिनी.

पहिल्या दिवशी सर्जेराव म्हणाले, "आत्ताच जेवलोय." दुसऱ्या दिवशी वहिनी म्हणाल्या, "ह्यांचा कान ठणकाय लागलाय." तिसऱ्या दिवशी सरांनी पाण्यातूनच हाक मारली, "सर्जेराव, या की. वाट बघालोय."

सर्जेरावांनी पाण्याकडे जाणकारासारखं बघितलं. "माझं पोहणं गोड्या पाण्यातलं हाय सर. खाऱ्या पाण्यात हात बिघडतो."

"कुठल्या पुस्तकात हाय हे?"

"पुस्तकात कोण पोहतंय व्हय?"

सुमननं वहिनींना बोलावलं. "मला न्हाय बाई जमत," त्या म्हणाल्या आणि सर्जेरावांच्या शेजारी बसून राहिल्या.

सर्जेरावांचं उत्तर भारी होतं, पण सर सोडणारे नव्हते. शिक्षकाला उत्तर चुकीचं वाटलं, की त्याचा हात लाल पेनाकडे जातोच. संध्याकाळी जेवताना ते म्हणाले, "यंदा स्पर्धेला दुसरा पाहुणा बघावा म्हणतो. पोहायला येणारा." सगळे हसले. मीही हसलो. सर्जेराव ताटाकडे बघत राहिले, आणि वहिनी पाणी आणायला म्हणून आत गेल्या त्या जेवण होईपर्यंत बाहेर आल्या नाहीत.

त्याच्या दुसऱ्या दिवशी सर्जेराव माझ्या शेजारी येऊन बसले. "सदा, सर पेठेत सांगणार व्हय रं?"

"काय सांगणार?"

ते उठले आणि पुन्हा वहिनींशेजारी जाऊन बसले. मला फार वाईट वाटलं. एक फेटा आणि दहा मिनिटांचा माइक, त्यात कोणाचं काय जातं? हे सरांना सांगावं असं दोनदा मनात आलं, पण जीभ रेटली नाही.

*

एका बेटावर बाजार होता. मोठी बोट लांब नांगरून छोट्या रबरी होडीनं काठाला जायचं. उज्ज्वला बोटीवरच थांबली आणि होडी सरांच्या ताब्यात दिली. धक्क्याला होडी बांधायचा मान धोंडीरामानं मागून घेतला. "जल्मभर म्हशी बांधल्यात मी. एक बी सुटली न्हाय." म्हैस भटकू नये म्हणून दावं आखूड धरतात, तसं त्यानं धरलं आणि गाठ मारली.

बाजार करून परत आलो तर होडी हवेत! ओहोटी लागून पाणी पार धक्क्याच्या बुडाशी गेलं होतं आणि होडी आखूड दाव्याला धरून भिंतीवर लटकत होती. रंकाळ्याचं पाणी सकाळी असतं तिथंच दुपारी असतं. समुद्राचं तसं नसतं, हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं.

सरांनी कमरेवर हात ठेवले. "सगळी नोकरी भरती-ओहोटी शिकवण्यात गेली," ते म्हणाले. "बघितली आज."

धोंडीराम वाकून गाठ तपासत होता. "पण सुटली काय? बघा की."

पाणी परत वर येईपर्यंत आम्ही धक्क्यावर बसून कलिंगड खाल्लं.

*

शेवटच्या दिवशी सकाळी बायकांनी ठरवलं, की समुद्राची ओटी भरल्याशिवाय निघायचं नाही. त्यानं आठवडाभर सांभाळलं, मग तसंच कसं जायचं? मालूवहिनींनी खण कोल्हापूरहून आणला होता, नारळ तिथला घेतला. उज्ज्वला म्हणाली, "काकू, कापड पाण्यात नको. नुसता नारळ टाका."

"टाकायचा नसतो पोरी, द्यायचा असतो," वहिनी म्हणाल्या. "खण पाण्याला लावून माघारी घेते."

उज्ज्वलाचा एक नियम होता. बोटीच्या कडेला गेलं, की एक हात कायम कठड्याला हवा. आणि एका हातानं ओटी भरणं आमच्या सात पिढ्यांत कोणाला ठाऊक नाही. वहिनी मागच्या पायरीवर उतरल्या, वाकल्या, दोन्ही हातांनी ओटी पुढं केली, आणि नारळ आणि तांदळापाठोपाठ स्वतःही पाण्यात गेल्या.

सर्जेराव डोलकाठीपाशी आरसा घेऊन दाढी करत होते. एका गालाला अजून फेस होता. "मालू!" एवढंच ओरडले. उज्ज्वला तरंगती रिंग काढेपर्यंत ते पळत मागच्या टोकाला पोचले आणि त्यांनी सरळ उडी टाकली. जॅकेट नाही, काही नाही, हातात दाढीचा ब्रश.

ते गेले ते दिसेनासेच झाले. वर आले ते दोन्ही हात पाण्यावर आपटत, आणि पुन्हा खाली.

"अरे, त्याला पोहायला येत न्हाय," सर ओरडले. त्यांच्या आवाजात तपासणीचं काही उरलं नव्हतं. ते घाबरले होते, आम्ही सगळेच घाबरलो होतो.

मालूवहिनींचं माहेर नदीकाठचं. त्यांनी पदर कमरेला खोचला, सपासप चार हात मारले, सर्जेरावांच्या मागून जाऊन बनियन धरलं आणि म्हणाल्या, "गप पडा. हात हलवू नका." मग एका हातानं त्यांना ओढत शिडीपर्यंत आणलं. उज्ज्वलाची रिंग तिच्या हातातच राहिली.

वर घेतल्यावर सर्जेराव खोकत राहिले. वहिनींनी ओल्या पदरानंच त्यांचं डोकं पुसलं, गालावरचा उरलेला फेस पुसला. मग आमच्याकडे वळल्या आणि नेमकं सरांकडे बघत म्हणाल्या,

"बघितलंसा न्हवं समद्यांनी? ह्यांनी उडी टाकली म्हणून मी वाचले."

धोंडीरामानं तोंड उघडलं, पण सुमननं बघितल्यावर मिटलं. सर आत गेले, आपला टॉवेल घेऊन आले, तो सर्जेरावांच्या खांद्यावर टाकला आणि त्यांच्या समोर उकिडवे बसले.

"बघितलं की वहिनी," ते म्हणाले. "सर्जेराव, रंकाळ्यापेक्षा अवघड गेलं असंल न्हवं?"

सर्जेरावांनी आधी वहिनींकडे बघितलं, मग सरांकडे.

"लई," ते म्हणाले.