बांगड्यांची खेळी

सातपूरच्या कामगार वसाहतीतल्या मुलींना बास्केटबॉल शिकवणाऱ्या त्या बाईंचं नाव मी कधी विचारलं नाही. सामन्याची वेळ संपत आली होती, मुली एका गुणाने मागे होत्या आणि बॉल रेषेबाहेरून आत टाकायचा होता. बाईंनी हातातल्या बांगड्या काढून एकेका मुलीच्या जागी एकेक अशा मातीवर मांडल्या.

"तुम्ही तिघी ओरडत बास्केटखाली पळा. समोरच्या संघातल्या सगळ्या तुमच्यामागं येतील. बॉल लांब उभ्या असलेल्या छोटीला."

"मला तर कोणी अडवतच नाही, बाई," छोटी म्हणाली.

"म्हणूनच तुला."

तसंच झालं. एकट्या उरलेल्या छोटीने नेम धरला आणि बॉल जाळीतून खाली आला. बाई शांतपणे बांगड्या पुन्हा हातात चढवत होत्या.

मी तेव्हा वसाहतीत समतेची पत्रकं वाटायचो, सभा घ्यायचो. त्या दिवसापासून सभेत सगळ्यांत मागे उभ्या असलेल्या माणसाला आधी बोलायला सांगतो.