चाखून औषध देणं सोडणाऱ्या यमुनाबाई

वैद्य यमुनाबाईंची आणि माझी ओळख गोंडपिपरीत झाली. मी नवखा डॉक्टर, शेजारधर्म म्हणून त्यांच्या दवाखान्यात डोकावलो होतो. रुग्णाला चूर्ण देण्याआधी बाईंनी त्यातलं चिमूटभर स्वतःच्या जिभेवर ठेवलं. मी गमतीनं म्हणालो, "बाई, पेशंटसाठी काही उरू द्याल ना?" त्या हसल्या. "भामरागडकडल्या गावाइत देणाऱ्यानं आधी चाखाव लागते, डॉक्टर. नाईतर कोणी घेत नाई. मलेबी तेच वळण लागलं."

पुढे आम्ही वर्षानुवर्षं शेजारी काम केलं. वजन उतरवायचं औषध मागणाऱ्यांना बाई सरळ परत पाठवत. "महिन्याभरात चरबी उतरवते असं झाडपाल्याचं औषध मले ठाऊक नाई," असं ठणकावत. जंगलातलं ते सगळं निर्धोक, हे या वैद्यबाईंनी कधी मानलं नाही. "बिब्बाबी जंगलातलाच हाये, लावून पाहा," म्हणत.

आमच्या गल्लीतले टेलर रशीदभाई आणि अमीनाबी यांची लेक नसीम. तिचा निकाह ठरला आणि सासरच्या कोणीतरी जाडेपणावरून टोमणा मारला. तिनं बाजारातून 'शुद्ध वनस्पती' लिहिलेला, वजन उतरवायच्या चूर्णाचा डबा आणला. त्यावर घटकांची नावंच नव्हती. "हे बंद कर, बेटी," बाई म्हणाल्या.

"काऊन, बाई? विकणाऱ्यानं आमच्यासमोर चमचाभर खाल्लं. तुमीबी तर असंच चाखून देता."

नसीमनं चूर्ण सोडलं नाही. डोळे पिवळे झाले तेव्हा फार उशीर झाला होता. नागपूरला यकृत निकामी झाल्याचं सांगितलं. चूर्णाचाच दाट संशय होता, पण त्यात काय मिसळलं होतं ते शेवटपर्यंत कळलं नाही. बाई त्या दिवसांत अमीनाबींजवळ इस्पितळाच्या फरशीवर बसून होत्या. नसीम गेली.

त्यानंतर बाईंनी चाखून औषध देणं सोडलं. "चिमटीनं काय कळते? महिनाभर खाल्ल्यावर काय होईल ते माही जीभ सांगत नाई. लोकाइचा भरोसा मात्र बसते." भामरागडकडचे रुग्ण तुटले, दवाखाना ओस पडला, पण बाई बधल्या नाहीत. तक्रारीनंतर त्या विक्रेत्याचं दुकान उठलं. तसाच डबा आता वरोऱ्याला नव्या नावानं मिळतो. मी स्वतः पाहिला, आणि अंगाचा तिळपापड झाला. बाईंच्या पंचाहत्तरीच्या आनंदात हे लिहावं लागतं याचं वाईट वाटतं. बाई मात्र आजही येणाऱ्या प्रत्येकीला विचारतात, "दुसरं काय खाऊन राह्यली?" आणि डबा आणून दाखवायला लावतात.

बाई, आपली प्रकृती ठणठणीत राहावी, आपण शंभरी पाहावी, ही आम्हा सर्वांची इच्छा. बाईंच्या या गौरवग्रंथासाठी शुभेच्छा मागायला मी अमीनाबींकडेही गेलो. त्या म्हणाल्या, "लिहा डॉक्टर. माह्या नसीमची राह्यलेली उमर बाईले लागो."