गच्चीवरचं एम.ए.

नल्लकुंट्यात आमच्या खालच्या मजल्यावर राहणारे गृहस्थ आबिड्सच्या एका सरकारी कचेरीत हेडक्लार्क आहेत, आणि पन्नाशीत लोकप्रशासनात एम.ए. करताहेत. सकाळी गच्चीवर येरझारा घालत ते मोठ्यानं पाठ करतात आणि मी कपडे वाळत घालत ऐकते. माणूस गोड, पण स्वतःचं मत म्हणून देणार नाही. पाऊस येईल का विचारलं तर म्हणतात, "हौ वहिनी, येईल बी, नाही बी. तुम्हीच ठरवा."

तारनाक्याला पेपर देऊन आले ते पडलेल्या चेहऱ्यानं. "सरकारी कामात उशीर का होतो, तुमचं मत लिहा, असा प्रश्न होता. मी दोन्ही बाजू मांडल्या आणि फायलीवर लिहितो तसं सवयीनं खाली लिहिलं, आदेशार्थ सादर."

"मग उशीर का होतो ते परीक्षकाला कळलं असणार!" मी म्हटलं. दोघंही हसत सुटलो.

त्याच पेपरात ते नापास झाले.

"पुन्हा बसणार?"

"बसावं बी वाटतं, नको बी. घरात विचारलंय."

तेवढ्यात खालून त्यांच्या बायकोचा आवाज आला, "कालच फी भरली मी! अभ्यास करा!"

त्यांचा चेहरा उजळला. "बघा वहिनी, आदेश निघाला."

आणि येरझारा सुरू झाल्या.