चार बोटं कमी

गणवेश शिवण्याच्या कारखान्यात तिला सगळ्याजणी शिडी म्हणत. सर्वांत वरच्या फळीवरचा कापडाचा गठ्ठा ती स्टुलाशिवाय, नुसता हात वर करून काढी, त्यावरून पडलेलं नाव. नावाचा तिला राग नव्हता. राग यायचा तो घरी, मावशी "बाहेर जाताना जरा वाकून चाल गं" म्हणायची तेव्हा. आईमागे मावशीनंच तिला वाढवलं, मायेत काही कमी केलं नाही. पण पाच फूट दहा इंचांची भाची म्हणजे तिच्या जिवाला घोर. "आमची पोर वाढायची थांबेचना," असं ती आल्यागेल्याला सांगे, जणू पोरीनं मुद्दाम खोडी काढली होती.

म्हणून सुताराचं स्थळ आलं तेव्हा मावशीनं तिचा फोटो पाठवला तो खुर्चीत बसलेला. सुतार दूरच्या शहरात फर्निचरच्या कारखान्यात होता. फोटोंवरूनच दोन्हीकडून होकार झाला, पण त्याला रजा मिळायला दीड वर्ष लागणार, तोवर दोघांनी पत्रं लिहावीत असं ठरलं. पहिली दोन-तीन पत्रं शाळेतल्या निबंधासारखी, आम्ही खुशाल, आपली खुशाली कळवावी. मग त्यानं ओलं लाकूड वाळताना कसं दगा देतं ते लिहिलं. तिनं कापडाचे चाळीस थर एकदम कापताना खालचा थर सरकू नये म्हणून काय करायचं ते लिहिलं, आणि गाडी रुळावर आली. पोस्टमनची सायकल वाजली की शिडीचे कान टवकारायचे.

एकदा तिनं सहज लिहिलं, की कापायचं टेबल बुटकं आहे, अकरा वर्षं वाकून संध्याकाळी पाठ धरते. उलट टपाली उत्तर आलं: "लग्नानंतर इथं घरूनच काम करायचं म्हणता, तर टेबल मी करतो. ताठ उभ्या राहा. जमिनीपासून कोपरापर्यंत दोरा धरा, दोन्ही टोकांना गाठ मारा आणि पाठवा. आकडा नको, आकडा लिहिताना माणूस चुकतो."

तिनं दोरा धरला, गाठी मारल्या, पाकिटात घातला. पाकीट टपालात टाकायला नेलं मावशीनं.

तीन आठवड्यांनी पत्र आलं. "टेबल झालं. माप अगदी आमच्या वहिनीएवढं भरलं. एक गंमत, दोऱ्याला गाठ एकाच टोकाला होती. इतकी कसली घाई?"

तिनं मान वर केली. मावशी पुसलेलंच भांडं पुन्हा पुसत होती.

"किती कापलास?"

"चारच बोटं," मावशी म्हणाली. "अगं, झाकली मूठ सव्वा लाखाची. एकदा लग्न होऊन जाऊ दे."

"आणि मग? जन्मभर मी त्या टेबलावर वाकू?"

"वाकलीस तर काय झालं? सगळ्याच वाकतात."

इथं तिचं डोकं फिरलं. भीती वाटत नव्हती असं नाही. न पाहिलेला तो माणूस एव्हाना तिला आपला वाटू लागला होता, आणि तो गेला असता तर ती आतून पार मोडली असती. तरीही ती लिहायला बसली. "मी पाच फूट दहा इंच आहे. फोटो बसून काढला होता. दोरा आमच्या घरातच कापला गेला. तुमचं टेबल मला बुटकं पडेल, आणि स्वतःच्या घरात मला वाकायचं नाही. होकार मागे घ्यायचा असेल तर घ्या." सोबत पूर्ण मापाचा नवा दोरा. हे पाकीट तिनं स्वतः जाऊन पेटीत टाकलं.

"हात दाखवून अवलक्षण!" मावशीनं कपाळावर हात मारून घेतला.

महिना गेला. सायकल दारावरून पुढे जायची. पाचव्या आठवड्यात पाकीट आलं.

"उत्तराला उशीर झाला, कारण आधी काम पुरं केलं. जुनं टेबल वहिनीला दिलं. पाय जोडून उंच करता आलं असतं, पण आपल्या घरात मी जोडकाम ठेवत नाही. नवं केलं. कारखान्यात जो तो विचारतो, एवढं उंच टेबल कुणाचं? मी सांगतो, आमच्या घरी येणारी आहे, ती ताठ उभी राहून काम करते. आता माझं ऐका. फोटो मीही बसूनच काढला होता. पाच फूट चार. चालत असेल तर कळवा."

तिनं ते मोठ्यानं वाचून दाखवलं.

"म्हणजे त्यांनी पण!" मावशी उसळली. "फसवलं की गं आपल्याला!"

शिडी इतकी हसली, की डोळ्यांना पाणी आलं. मग ते पाणी काही हसण्याचं राहिलं नाही. तिनं कार्डावर "चालतं" एवढंच लिहिलं.

दुसऱ्या दिवशी ती कामावर गेली ती पिशवीत चार विटा घेऊन. दोघींना हाताशी धरून तिनं टेबलाच्या एकेका पायाखाली एकेक वीट सरकवली. सुपरवायझर धावत आला.

"हे काय चाललंय? अकरा वर्षं चाललंच ना टेबल?"

"टेबल नाही चाललं, साहेब. मी चालवून घेतलं," ती म्हणाली, आणि सरळ उभी राहून तिनं कापायचं मशीन सुरू केलं.