फक्त डाव्या कडेला खळ

अंधेरी स्टेशनच्या पूर्वेला उतरून कोणी विचारलं, की फौजदारी कायद्याची पुस्तकं कुठे बघायला मिळतील, तर कोपऱ्यावरचा पानवाला आमच्या चाळीकडे बोट दाखवायचा. "दुसरा माळा, शेवटची खोली. चपला बाहेर काढा, बाई रागावतात." बाई म्हणजे माझी आई. पुस्तकं बाबांची.

बाबा वकील नव्हते. अंधेरीच्या कोर्टात काम करणाऱ्या एका वकिलांकडे ते कारकून होते. आधी त्या वकिलांच्या वडिलांकडे होते, ते गेल्यावर मुलाकडे राहिले. त्यामुळे वकीलसाहेब त्यांना काका म्हणत आणि बाबा त्यांना साहेब म्हणत, आणि दोघांनाही त्यात काही वावगं वाटत नसे. बाबा मॅट्रिकपर्यंत शिकलेले. इंग्रजी मात्र स्वच्छ वाचत, प्रत्येक शब्दावर बोट ठेवून, सुपातला तांदूळ निवडावा तसं.

आमच्या दोन खोल्यांत एक लाकडी कपाट होतं. त्यात कपबशा नव्हत्या, कायदे होते. टीका-टिप्पणी नसलेले, नुसत्या कलमांचे. कोर्टात त्यांना बेअर अ‍ॅक्ट म्हणतात. बाबा सांगायचे, "मोठा कायदा दिल्लीचा असतो. त्याला आपल्या राज्याची ठिगळं असतात. आणि पोलिसांचा, दारूबंदीचा, जुगाराचा, हे तर आपल्याच राज्याचे कायदे. वकील फसतो तो इथे." ही ठिगळं सरकारी राजपत्रात छापून येत. बाबा चर्नी रोडच्या सरकारी छापखान्यात जाऊन राजपत्र आणत, दुरुस्तीचा मजकूर कात्रीने कापत आणि पुस्तकात ज्या कलमाची दुरुस्ती त्याच कलमावर ती चिठ्ठी चिकटवत.

चिकटवण्याची त्यांची रीत ठरलेली होती. मैद्याची खळ, तिला कसर लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद. खळीचं बोट फक्त चिठ्ठीच्या डाव्या कडेला फिरवायचं. बाकीच्या तीन कडा मोकळ्या. चिठ्ठीच्या कोपऱ्यात पेन्सिलीने दोन तारखा लिहायच्या, राजपत्राची आणि अंमल सुरू झाल्याची. काही कलमांवर अशा चार-चार चिठ्ठ्या एकीवर एक होत्या. पुस्तक फुगून दुप्पट जाड झालं होतं आणि दोऱ्याने बांधल्याशिवाय मिटत नसे.

मला ते पुस्तक गबाळं वाटायचं. मी तेव्हा बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते आणि पुस्तकं नीटनेटकी असावीत असं माझं ठाम मत होतं.

त्या वर्षी दिवाळीच्या थोडं आधी बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. एक डोळा हिरव्या पट्टीखाली, दुसऱ्याने तसंही फारसं दिसत नव्हतं. वाचायला दीड महिना बंदी. साठलेली राजपत्रं पलंगाखाली पडून होती. मी म्हटलं, "मी लावते चिठ्ठ्या."

"जमेल तुला?"

"त्यात काय आहे न जमण्यासारखं?"

बाबा हसले. "बरं. लाव."

मी लावल्या. चिठ्ठ्यांच्या मोकळ्या कडा फाटतात, दुमडतात, म्हणून मी चारही बाजूंनी खळ लावली आणि वर वरवंटा ठेवून रात्रभर दाबल्या. सकाळी पान असं सपाट झालं, जणू छापलंच तसं होतं. तारखा लिहिल्या नाहीत. पेन्सिलीने पान घाण करायचं कशाला? मी पुस्तक बाबांच्या हातात दिलं. त्यांनी पानावरून तळवा फिरवला, क्षणभर थांबले. मला वाटलं, आवडलं.

आमच्या शेजारी एक मालवणचं कुटुंब होतं. त्यातल्या काकांचे वडील गिरणीत होते. काका महापालिकेच्या एका इस्पितळात वॉर्डबॉय. नोकरी कायमची, त्याचा त्यांना फार अभिमान. गणपतीच्या दिवसांत मंडळाच्या खोलीत दुपारी पत्ते चालायचे. बहुतेक वेळा रमी; ती कौशल्याची, म्हणून कायदा तिला जुगार मानत नाही. त्या वर्षी एका दुपारी तीन पत्ती चालली होती आणि पोलीस आले. पाचजण पकडले, त्यांत काका. चार मुलं मंडळातली, बिननोकरीची. गमावण्यासारखं काही होतं ते काकांकडेच.

त्यांची केस आमच्याच वकीलसाहेबांकडे आली. तारीख लागली दिवाळीनंतर. काका तोपर्यंत थट्टाच करत होते. गॅलरीत मला अडवून म्हणाले, "काय गो, तुझ्या बापाच्या पुस्तकात तीन पत्तीक माफी नाय काय? रमी असती तर म्हणे सुटलो असतो. आता पुढच्या वर्षी गणपतीसमोर बसून मी नुसती आरती म्हणतलंय."

मग वकीलसाहेब कलम बघायला घरी आले. त्यांच्या कचेरीतलं पुस्तक जुनं होऊन फाटलं होतं, ते त्यांनी रद्दीत दिलं होतं. बाबांचं पुस्तक आहे म्हटल्यावर नवं कशाला घ्या? बाबा औषध घालून आत पडले होते. मीच पुस्तक काढून दिलं. साहेबांनी पान वाचलं, परत वाचलं आणि चष्मा काढला. जुगाराच्या त्या कलमात आता कमीत कमी कैद ठरलेली होती. नुसत्या दंडावर सोडायची मुभाच नव्हती.

"वाईट झालं," ते म्हणाले. "कैद झाली की महापालिका ठेवत नाही. दंड असता तर ताकीद देऊन सोडलं असतं."

ते त्यांनी शेजारी जाऊन सांगितलं. त्यानंतरचे चार दिवस मला अजून आठवतात. भिंतीपलीकडचा रेडिओ बंद झाला. काकांची थट्टा बंद झाली. डोळ्यांना ताण नको म्हणून बाबांना आम्ही यातलं काही सांगितलं नव्हतं. चौथ्या दिवशी दुपारी काकू आईकडे येऊन बसल्या. उद्या केस होती.

"पोरांका घेऊन गावाक जा, म्हणतत. तुरुंगातून इल्यावर बघूया, म्हणतत. वैनी, ह्येंची नोकरी गेली तर आमी खंय जावचा? गावाक घराक छप्पर तरी खंय आसा?"

आईने त्यांचा हात धरला. आतल्या खोलीतून बाबांचा आवाज आला.

"कैद? नुसत्या तीन पत्तीला? पहिल्याच गुन्ह्याला?" ते भिंत धरत बाहेर आले. "पुस्तक आण गं. ते कलम वाच."

मी वाचलं.

"ही चिठ्ठी कधीची?"

मी चिठ्ठीच्या कडा बघितल्या.

"कोपऱ्यात बघ. अंमल कधीपासून?"

"लिहिलं नाही, बाबा."

त्यांनी विचारलं, "राजपत्र कुठे आहे?" आईने रद्दी अजून दिली नव्हती, हे नशीब. पलंगाखालच्या गठ्ठ्यातून मी कापलेलं राजपत्र शोधलं आणि अंमलाची तारीख वाचली. दिवाळीच्या आठवड्यातली होती.

बाबांनी बोटांवर हिशेब केला. "गणपती सप्टेंबरात. म्हणजे त्या दिवशी हा कायदा नव्हताच. माणसाने केलं त्या दिवशीचा कायदा लावायचा. नंतर वाढवलेली शिक्षा मागच्या दिवसाला लावता येत नाही. चिठ्ठी उचल आणि खालचं वाच."

खालचं वाचता येत नव्हतं. खालचं मीच बंद केलं होतं.

मी ते सांगितलं. चारही कडा, वरवंटा, सगळं. काकू माझ्याकडे बघत होत्या. त्यांना खळीचं काही कळलं नव्हतं, पण माझा चेहरा कळला असावा. बाबा रागावले असते तर बरं झालं असतं. ते फक्त म्हणाले, "मला हाताला जाणवलं होतं तेव्हाच. कड सापडली नाही. विचारायला हवं होतं मी."

मी धावत वकीलसाहेबांकडे गेले. अंमलाची तारीख सांगितल्याबरोबर त्यांनी कपाळावर हात मारला. "अरे देवा, तारीख विचारलीच नाही मी! पान नवंकोरं दिसलं, वाटलं नवीन आवृत्तीच आहे." आम्ही दोघं कोर्टाबाहेर टेबलं टाकून बसणाऱ्या तीन-चार वकिलांकडे गेलो. कोणाकडे ते पुस्तकच नव्हतं, कोणाकडे नव्याने छापलेलं, त्यात दुरुस्ती मजकुरातच मुरवलेली. एक म्हातारे वकील माझ्याकडे बघून म्हणाले, "जुनं हवंय ना? मग इथे काय करतेस? तुझ्या बापाकडे जा. आम्ही सगळे तिथेच जातो."

मी परत घरी आले.

बाबांनी तयारी करून ठेवली होती. मलमलीचा जुना पंचा, कोमट पाणी, आईची सुई. त्यांनी पंचा पिळून घट्ट केला, पानावर ठेवला आणि वर हात ठेवून बसले. "घाई केलीस तर शाई जाईल," ते म्हणाले. ते बोट ठेवून बघत, पुन्हा पंचा ठेवत. त्यांना दिसत नव्हतं, आणि त्या कामाला दिसण्याची गरजही नव्हती. तासाभराने एक कोपरा सुटला. मग सुईच्या बोथट टोकाने, नखाने, केसभर केसभर करत. मी दिवा धरायला गेले तर म्हणाले, "दिवा मला काय करायचाय? तू वारा घाल."

दिवेलागणीच्या वेळी चिठ्ठी तीन बाजूंनी सुटली. डावी कड त्यांनी तशीच राहू दिली. खालचं पान मोरचुदाने किंचित निळसर झालं होतं. एका ओळीची दोन अक्षरं गेली होती, पण ती शब्दावरून कळत होती. मी वाचलं. जुन्या कलमात कैद होती, दंडही होता, आणि नुसत्या दंडावर सोडायचा अधिकार होता.

"पुन्हा वाच," बाबा म्हणाले. मी पुन्हा वाचलं. मग त्यांनी पेन्सिल मागितली आणि माझ्या हातात दिली. "तारखा लिही. दोन्ही."

दुसऱ्या दिवशी मी कॉलेज बुडवलं. पट्टी बांधलेल्या बाबांना हात धरून न्यायला कोणीतरी हवं होतं, आणि पुस्तक मला दुसऱ्या कोणाच्या हातात द्यायचं नव्हतं. काका इस्त्रीचा शर्ट घालून उभे होते. कबूल करा म्हटल्यावर कबूल झाले. "खेळत होतंय साहेब. खोटा कित्याक बोलू?"

सरकारी वकिलांनी नवी शिक्षा वाचून दाखवली. मग आमच्या साहेबांनी दोरा सोडून पुस्तक पुढे केलं. न्यायाधीशांनी चिठ्ठी वाचली, पेन्सिलीची तारीख वाचली, आणि मग बोटाने चिठ्ठी उचलून खालचं वाचलं. चिठ्ठी खाली सोडली. परत उचलली. पुस्तकाची मागची-पुढची पानं चाळली, तिथेही तसंच. त्यांनी विचारलं, "हे कोणाचं?"

"माझ्या कारकुनांचं," साहेब म्हणाले आणि वळून मागे बघितलं.

बाबांना बघितलेलं दिसलं नाही. मी त्यांचा दंड धरून होते. मी त्यांना हळूच उभं केलं. त्यांनी आवाजाच्या दिशेने नमस्कार केला, तो थोडा बाजूला गेला. न्यायाधीशांनी काकांना नुसत्या दंडाची शिक्षा सांगितली. मग म्हणाले, पुस्तक जेवणाच्या सुट्टीपर्यंत इथे राहू दे, मला यातलं काही उतरवून घ्यायचं आहे.

आम्ही बाकावर बसून सुट्टी होण्याची वाट पाहिली. काका जवळ येऊन उभे राहिले. त्यांनी नुसता बाबांच्या सदऱ्याचा खांदा नीट केला. बाबांनी मला विचारलं, "अजून उतरवतायत?" मी म्हटलं, हो. पाच मिनिटांनी पुन्हा विचारलं. तेव्हाही हो म्हटलं. त्यांची मान एवढी ताठ मी आधी कधी पाहिली नव्हती आणि नंतरही क्वचितच पाहिली.

काका त्याच इस्पितळात आहेत. बढतीही मिळाली. तीन पत्ती सोडली, रमी नाही.

बाबा यंदा पावसाळा संपता संपता गेले. भेटायला वकील आले, कोर्टातले शिपाई आले, एक हवालदार आला. प्रत्येकाची नजर एकदा तरी कपाटाकडे गेली. एका तरुण वकिलांनी चाचरत विचारलं, पुस्तकं देणार आहात का? आईने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, देणार नाही, पण बघायला कधीही या. त्यांच्या वेळी होतं तसंच.

सुतकात एक राजपत्र येऊन पडलं होतं. गेली दोन वर्षं बाबांना चर्नी रोड झेपत नव्हतं, म्हणून ते टपालाने मागवत. तेरा दिवस मी ते उघडलं नाही. चौदाव्या दिवशी दुपारी मैदा घेतला, चिमूटभर मोरचूद घातलं, खळ शिजवली. आई दारात उभी होती.

"सगळीकडे लावू नकोस हं," ती म्हणाली.

"नाही लावत गं."

मी फक्त डाव्या कडेला बोट फिरवलं. कोपऱ्यात दोन तारखा लिहिल्या. मग चिठ्ठी उचलून खालचं कलम एकदा वाचून पाहिलं. व्यवस्थित वाचता येत होतं.